तूस, चिपाड आणि पाऱ्याचा हिशेब

डिसेंबर १९५९. जपानच्या क्यूशू बेटावरच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या नव्या संयंत्राचे उद्घाटन केले. त्याचे नाव सायक्लेटर. तीन वर्षांपूर्वी, १ मे १९५६ रोजी, कंपनीच्याच इस्पितळाने गावातल्या एका अनाकलनीय आजाराची सरकारदरबारी नोंद केली होती. हातपाय थरथरणारे, बोलणे अडखळणारे, दृष्टी आक्रसत जाणारे रुग्ण आणि फेफरे येऊन मरणारी मांजरे अशी त्याची लक्षणे होती. कोळ्यांचा रोष वाढत चालला होता. समारंभात कंपनीचे अध्यक्ष योशिओका किइची यांनी सर्वांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवले.

ज्या विभागातून पारा बाहेर पडत होता, त्या अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचे पाणी त्या वेळी सायक्लेटरमधून जातच नव्हते. काही महिन्यांपूर्वीच कंपनीच्या इस्पितळातले डॉ. होसोकावा हाजिमे यांनी याच विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले होते आणि त्या मांजराला तोच आजार जडला होता. हा निष्कर्ष कंपनीने दडपला. अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन थांबायला १९६८ साल उजाडले.

भाताचे तूस, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले, नारळाच्या सोडणातला भुसा अशा शेतातल्या टाकाऊ मालावर प्रक्रिया करून दूषित पाण्यातला पारा काढता येतो, हे अर्धशतकाच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. त्यातले काही उत्तम काम भारतात झाले आहे आणि ते मराठी वाचकाला ठाऊक असावे, म्हणून हा लेख. पण मिनामाताचा तो पेला नजरेआड करून हे लिहिता येत नाही. पाण्यातून पारा निघाला एवढे सांगून भागत नाही. निघालेला पारा कुठे गेला, त्याचा हिशेब द्यावा लागतो.

पारा मुरतो कुठे

पारा हे मूलद्रव्य आहे. सांडपाण्यातल्या साखरेचे, तेलाचे, फिनॉलचे जिवाणू तुकडे करतात आणि काही काळाने ते पदार्थ उरत नाहीत. पाऱ्याचे असे काही होत नाही. तो रूप बदलतो आणि जागा बदलतो. खाडीच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात, काही जिवाणू त्याचे मिथाइल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. हे संयुग किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्यांत जाते आणि प्रत्येक पायरीवर साठत जाते. म्हणून मुशीसारख्या भक्षक माशांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. खाल्लेला मिथाइल पारा आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो, वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. मिनामातात वरवर धडधाकट दिसणाऱ्या आयांच्या पोटी जन्मतःच पंगू मुले आली, ती यामुळे.

आपल्याकडे पारा पाण्यात जाण्याचा मोठा मार्ग होता कॉस्टिक सोड्याचा. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा वाहता थर विद्युतअग्र म्हणून वापरत. धुण्याच्या पाण्यातून आणि मिठाच्या गाळातून त्यातला काही पारा सतत बाहेर पडे. गोव्यात दोनापावलाला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर आणि २००३ मध्ये उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. पुढे देशातले कारखाने पारा सोडून मेंब्रेन सेल पद्धतीकडे वळले. नळ बंद झाला, पण जो पारा आधीच जमिनीत आणि गाळात मुरला तो तिथेच आहे.

तमिळनाडूतले कोडाइकनाल हे दुसरे उदाहरण. १९८०च्या दशकात अमेरिकेतून हलवून आणलेला थर्मामीटरचा कारखाना तिथे चाले. तो नंतर हिंदुस्तान लिव्हरकडे आला. मार्च २००१ मध्ये गावातल्या एका भंगाराच्या वखारीत पारा लागलेल्या काचेचा ढीग सापडला आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये तो कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड झाली ती २०१६ मध्ये.

पाण्यासाठी मर्यादा किती कडक आहेत, ते पाहा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा नसावा. कारखान्याने नदीत सोडायच्या पाण्यासाठी ही मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढ्या खाली उतरायचे तर पाणी नुसते निवळून किंवा गाळून चालत नाही. विरघळलेल्या पाऱ्याला ओढून घेणारे काहीतरी लागते. आयन-विनिमय रेझिन आणि बाजारातला सक्रिय कोळसा हे काम करतात, पण ते महाग पडतात. शेतातल्या टाकाऊ मालाकडे संशोधकांचे लक्ष वळले ते इथे.

कच्चे तूस का चालत नाही

या शोधाची सुरुवात भीतीतून झाली. १९७० मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा सापडला आणि तिथली मासेमारी बंद करावी लागली. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक मेंडेल फ्रीडमन आणि अँथनी वेस यांनी शेतमाल आणि त्याचे अवशेष पाण्यातला पारा किती उचलतात, याची मोजणी प्रसिद्ध केली. नंतर झाडांच्या सालींवर आणि शेंगदाण्याच्या फोलांवरही तिथे काम झाले.

शेतातल्या काडीकचऱ्यात हा गुण येतो कुठून? कोणत्याही काडीत सेल्युलोज आणि लिग्निन असते. त्यांच्या रेणूंवर जागोजागी हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल गट असतात आणि धातूचे आयन त्यांना चिकटू शकतात. तरीही कच्चे तूस पाण्यात टाकून काम भागत नाही. ते फुगते, काही दिवसांत कुजते, शिवाय पाण्यात रंग आणि सेंद्रिय मळ सोडते. भाताच्या तुसावर तर निसर्गाने सिलिकाचे चिलखतच चढवलेले असते. तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत सुमारे ९० टक्के सिलिकाच निघते. पारा धरणाऱ्या जागा या चिलखताआड आणि मेणाआड दडलेल्या असतात.

म्हणून प्रक्रिया. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात तूस अल्कलीत किंवा आम्लात धुऊन त्याचा पृष्ठभाग उघडा करतात. दुसऱ्यात संहत सल्फ्युरिक आम्ल वापरतात. हे आम्ल काडीतल्या कर्बोदकांमधून पाणी खेचून घेते, बघता बघता काडी काळी पडते आणि भट्टीशिवाय कोळसा तयार होतो. तिसऱ्यात काडी अपुऱ्या हवेत भाजून तिच्यावर तापलेली वाफ सोडतात. वाफ कोळशात सूक्ष्म छिद्रे पाडत जाते. असा चांगला सक्रिय कोळसा एक ग्रॅम घेतला, तर त्याच्या आतबाहेरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरपर्यंत जाते. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन घडी घालून ठेवावी, तसे हे आहे.

या तिन्हींवर आणखी एक संस्कार करता येतो आणि पाऱ्याच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो: गंधकाचा. पारा आणि गंधक यांची ओढ जबरदस्त आहे. दोन्ही एकत्र आले की बनणारे मर्क्युरिक सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आपल्या रसशास्त्रातल्या वैद्यांना हा संयोग शतकानुशतके माहीत होता. पारा आणि गंधक खलात घोटले की चकाकणारा पारा दिसेनासा होतो आणि काजळासारखी कज्जली तयार होते. खाणीतून निघणारा हिंगूळ हेही त्याच संयुगाचे लाल रूप. कोळशाच्या छिद्रांत गंधक बसवला, तर पाण्यातून जाणारा पारा कोळशाला सोडून पुढे जात नाही, ही कल्पना याच रसायनावर उभी आहे.

कोइम्बतूर आणि तिरुवनंतपुरम

कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नमशिवायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपास मुबलक मिळणारा माल घेतला. १९९३ मध्ये त्यांनी शेंगांच्या टरफलांपासून कोळसा करून त्यावर बायकार्बोनेटची प्रक्रिया केली. पारा उचलण्यात हा कोळसा बाजारातल्या दाणेदार सक्रिय कोळशापेक्षा सरस ठरला. १९९९ मध्ये के. कादिरवेलू यांच्यासह त्यांनी काथ्या काढल्यावर उरणाऱ्या भुशावर काम केले. नारळाच्या पट्ट्यात हा भुसा डोंगरासारखा साचतो, पावसात त्यातून तपकिरी पाणी झिरपते आणि कोणालाच तो नको असतो. त्यापासून केलेल्या कोळशाने प्रयोगात दर ग्रॅमला १५४ मिलिग्रॅम पारा धरला. कोकणात सोडणांचे ढीग पाहिलेल्या कोणालाही या आकड्याचे मोल कळेल.

तिरुवनंतपुरमला केरळ विद्यापीठात के. अनूप कृष्णन आणि टी. एस. अनिरुद्धन यांनी २००२ मध्ये उसाच्या चिपाडातला मऊ भुगा घेतला. कागद करताना हाच भाग अडचणीचा ठरतो, कारण त्यात लांब तंतू नसतात. त्यांनी त्याचा वाफेने सक्रिय कोळसा केला आणि सक्रिय करताना त्यावर सल्फर डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू सोडून गंधक बसवला. गंधक बसवलेला कोळसा साध्या कोळशापेक्षा चांगला निघाला आणि दोन्ही वायू एकत्र वापरून केलेला सर्वांत चांगला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या स्वच्छ द्रावणावर समाधान मानले नाही. क्लोरीन-कॉस्टिक कारखान्याचे खरे सांडपाणी आणून त्यावरही तो कोळसा तपासला.

टेबलावरचा प्रयोग

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा असतो. कोनिकल फ्लास्कांची रांग. प्रत्येकात पाऱ्याच्या क्षाराचे मोजलेले द्रावण, काचेसारखे पारदर्शक. डोळ्यांना त्यात काहीही दिसत नाही. त्यात चिमटीत मावेल एवढा काळा कोळसा तोलून टाकायचा, आम्लता ठरावीक ठेवायची आणि फ्लास्क शेकरवर चढवायचे. पाच मिनिटांनी एक उतरवायचा, दहा मिनिटांनी दुसरा, तासाने तिसरा. प्रत्येकातला कोळसा वेगळा करून उरलेल्या पाण्यात किती पारा शिल्लक आहे, ते मोजायचे.

मोजण्याची रीत सुरेख आहे. पाण्यात स्टॅनस क्लोराइड घालतात. त्याने विरघळलेला पारा धातुरूपात येतो. मग पाण्यातून हवा किंवा वायू बुडबुडत सोडला की पारा वाफ होऊन त्याच्याबरोबर निघतो. ती वाफ एका नळीतून नेऊन तिच्यावर २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. पाऱ्याचे अणू नेमका तोच प्रकाश शोषतात. जेवढा प्रकाश कमी पोचला, तेवढा पारा जास्त.

खऱ्या संशोधकाची परीक्षा इथे लागते. पाण्यातून जेवढा पारा कमी झाला, तेवढा कोळशाने धरला असे गृहीत धरणे सोपे असते. पण पारा काचेच्या भिंतींनाही चिकटतो आणि हवेतही उडून जातो. सल्फ्युरिक आम्लाने कोळसा केलेल्या तुसावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की असा कोळसा पाऱ्याला नुसता धरत नाही, तर त्याचे क्षपण करून त्याला धातुरूपाकडे नेतो. धातुरूप पारा साध्या तापमानालाही वाफ होऊन निसटू शकतो. म्हणून कोळसा न घातलेला एक फ्लास्क शेजारी ठेवावा लागतो आणि शेवटी कोळशातला पारा वेगळा मोजून पाण्यातल्या घटीशी ताडून पाहावा लागतो. हरवलेला पारा आणि काढलेला पारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा ताळेबंद ज्या शोधनिबंधात नाही, त्याचे मोठे आकडे जपूनच वाचावेत.

संत्र्याच्या सालीचे रसायन

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात जस्टिन चॉकर यांच्या गटाने वेगळी वाट धरली. संत्र्या-मोसंब्यांच्या सालीतून रसउद्योगात लिमोनिन नावाचे तेल मिळते. खनिज तेल शुद्ध करताना गंधक उपउत्पादन म्हणून निघतो आणि त्याचे डोंगर पडून असतात. या गटाने दोन्ही एकत्र तापवून गडद लाल रंगाचा मेणचट बहुवारिक बनवला. त्याने पाण्यातला पारा धरला आणि पाऱ्याच्या संपर्कात तो पिवळा पडला. म्हणजे पदार्थ स्वतःच सांगतो, की पारा इथे आहे. पुढे याच गटाने वापरलेल्या खाद्यतेलात गंधक मिसळून असाच पदार्थ तयार केला.

विदर्भाने याकडे लक्ष द्यायला हवे. नागपुरी संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक लिमोनिनच आहे. संत्रा-प्रक्रियेच्या गप्पा काटोल, वरुड, मोर्शीत वर्षानुवर्षे चालल्या आहेत. सालीचे तेल हे त्या उद्योगाचे दुसरे उत्पन्न होऊ शकते आणि नागपुरातच ‘नीरी’सारखी राष्ट्रीय पर्यावरण संस्था आहे.

खरे पाणी

प्रयोगशाळेतले पाणी आणि कारखान्याचे पाणी यांत मोठे अंतर असते. दर ग्रॅमला १५४ मिलिग्रॅम ही कमाल क्षमता पाण्यात पारा भरपूर असताना मिळते. समजा, एक हजार लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम पारा आहे, म्हणजे एकूण एक ग्रॅम. कागदावरच्या हिशेबाने सात ग्रॅम कोळसा पुरला पाहिजे. प्रत्यक्षात पाणी ०.०१ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत उतरवताना कोळशाला शेवटचे मोजके आयन शोधून धरावे लागतात. त्या टप्प्यावर त्याची क्षमता खूप घटते आणि कोळसा कितीतरी जास्त लागतो.

दुसरी अडचण मिठाची. क्लोरीन-कॉस्टिक कारखान्याच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असते आणि ते पाऱ्याला घेरून ऋणभारित संयुगे बनवते. तुसावरचे कार्बोक्सिल गटही ऋणभारितच, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. गंधक बसवलेला कोळसा इथे उपयोगी पडतो, कारण गंधकाची ओढ क्लोराइडच्या पकडीवर मात करते. पण गंधक बसवायला वापरलेला हायड्रोजन सल्फाइड स्वतः विषारी वायू आहे आणि आम्लाने कोळसा केल्यावर धुण्याचे आम्लयुक्त पाणी उरते. ‘शेतातला कचरा म्हणजे फुकट’ हे समीकरण इथे कोसळते.

तो कचरा तसा फुकट कधीच नव्हता. साळी भरडल्या की वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. ते बॉयलरला जाते, वीटभट्टीला जाते, कोंबड्यांखाली अंथरले जाते. आपल्या साखर कारखान्यांत चिपाडावर वीज तयार होते. पारा काढायला लागणारा माल या राशींच्या मानाने नगण्य आहे. त्याने शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट होणार नाही, की उसाचे पाचट जाळणे थांबणार नाही. याचा खरा फायदा पाण्याला आहे, आणि तो फायदाच पुरेसा मोठा आहे.

पोते कुठे जाते

आता मूळ प्रश्नाकडे. पारा धरून भरलेला कोळसा शेवटी पोत्यात जातो. त्या पोत्यात आता पाण्यातल्यापेक्षा कितीतरी दाट पारा असतो. ते पोते कुठे जाते?

सर्वांत घातक रस्ता बॉयलरचा. तूस आणि चिपाड ही इंधने आहेत, जाळायची सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. वापरलेला कोळसाही काळा आणि कोरडाच दिसतो. तो भट्टीत गेला तर धरलेला पारा वाफ होऊन धुराड्यातून निघेल आणि पावसाबरोबर त्याच तळ्यात, त्याच खाडीत उतरेल. पाणी स्वच्छ करण्याचा सगळा खटाटोप हवेत जाईल, अगदी शब्दशः. दुसरा रस्ता साध्या कचराडेपोचा. तिथे आम्ल, क्षार आणि जिवाणू काय करतील, यावर कोणाचेच नियंत्रण नसते. काही कोळशांतून पोटॅशियम आयोडाइडने पारा पुन्हा सोडवून घेता येतो. पण त्या द्रावणालाही ठिकाण लागतेच आणि गंधकाने घट्ट धरलेला पारा सहजी सुटत नाही.

सरळ रस्ता एकच आहे. पारा अविद्राव्य सल्फाइडच्या रूपात बांधायचा आणि पाणी लागणार नाही अशा सुरक्षित जागी कायमचा ठेवायचा. युरोपीय संघाने २०१७च्या नियमावलीत टाकाऊ पाऱ्याची कायमची विल्हेवाट लावण्यापूर्वी त्याचे सल्फाइड करणे बंधनकारक केले आहे. गंधक बसवलेला चिपाडाचा कोळसा या दृष्टीने दुहेरी कामाचा आहे. तो पाणी साफ करतानाच पाऱ्याला बऱ्याच अंशी त्या रूपात नेतो.

मिनामाताच्या उपसागराचे पुढे काय झाले, तेही यातच आले. १९७७ ते १९९० या काळात तळाचा सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून किनाऱ्यालगत बांध घालून पुरला आणि त्यावर ५८ हेक्टर जमीन तयार झाली. आज तिथे उद्यान आहे. पारा त्या जमिनीखालीच आहे आणि तो बांध राखणे हे पुढच्या पिढ्यांचेही काम आहे. त्याच गावाच्या नावाने १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतोमध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. भारताने त्याला १८ जून २०१८ रोजी मान्यता दिली.

आपण काय करावे

महाराष्ट्रात घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे सामायिक सुविधा आहेत. देशात २०१६चे घातक कचरा नियम आहेत. कृषी विद्यापीठे आहेत, रसायनतंत्राच्या नामवंत संस्था आहेत, तूस, सोडणे आणि संत्र्याच्या सालीही आहेत. कमतरता आहे ती या सगळ्यांना एका धाग्यात ओवणाऱ्या प्रयोगाची. एखाद्या जुन्या दूषित जागेवरचे खरे पाणी घ्यावे, वर्षभर त्यावर इथल्या मालापासून केलेला कोळसा चालवावा आणि पाण्यात किती पारा आला, कोळशात किती धरला, हवेत किती गेला याचा ताळेबंद मराठीत, सर्वांना वाचता येईल असा जाहीर करावा.

कॉलेजांतही तुसाने जड धातू काढण्याचे प्रकल्प आवडीने केले जातात. ते जरूर व्हावेत. मात्र पाऱ्याचा क्षार हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा धोका आधी समजावून सांगावा आणि प्रयोगानंतर उरलेले द्रावण व कोळसा सिंकमध्ये ओतला जाऊ नये, एवढी शिस्त शिक्षकांनी लावलीच पाहिजे. परीक्षकांनी गुण देताना किती टक्के पारा निघाला, हे विचारण्याआधी निघालेला पारा आता कुठे आहे, हे विचारावे. आणि घरच्या पाण्यासाठी कोणी तुसाची गाळणी करू नये. ज्या पाण्यात पारा असल्याचा संशय आहे, ते पाणी तपासून घेणे आणि तोवर दुसरीकडचे पाणी मिळवणे हाच तिथला उपाय.

मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक संयंत्राच्या अर्जात शुद्ध पाण्याच्या आकड्यांचा तक्ता असतो. त्याच्याखाली आणखी एक रकाना हवा: भरलेली पोती किती निघणार, कोणत्या वाहनातून जाणार, कोणत्या जागी ठेवणार, तिथे त्यांची राखण कोण करणार आणि किती वर्षे. तूस, चिपाड आणि सोडणाचा भुसा यांनी आपले काम करून दाखवले आहे. पुढचे काम माणसांचे आहे, आणि तो रकाना नावागावासह भरून घेतल्याशिवाय एकाही संयंत्राला परवानगी मिळता कामा नये.